पंचवीस फुटी भाड्याचं मोटरहोम: परीक्षण, पण फक्त मुक्काम हलवायच्या दिवसाचं

अमेरिकेत भाड्याने मिळणाऱ्या मोटरहोमची, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीची, परीक्षणं वाचायला घेतली, तर पलंग किती रुंद, फ्रिज किती मोठा, शॉवरचं गरम पाणी किती वेळ टिकतं, यातच ती संपतात. त्या बाबतीत तक्रारीला फारशी जागाही नसते. उभी असताना ही गाडी छान असते, आणि रस्त्याला लागल्यावरही समजुतीने चालवली तर वाईट नसते. घोडं पेंड खातं ते या दोन्हींच्या मधे. सकाळी घराची गाडी करायची आणि संध्याकाळी गाडीचं पुन्हा घर करायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निघताना नळी सोडवावी लागत नाही आणि पोचल्यावर ब्रेकर तपासावा लागत नाही. तीन आठवड्यांच्या सहलीत हा खटाटोप आठ-दहा वेळा होतो आणि सहलीतले वैतागाचे दिवस बहुतेक याच दिवसांतून निघतात. म्हणून हे परीक्षण तेवढ्याच दिवसाचं आहे. स्वयंपाकघर बरं आहे, एवढं सांगून तो विषय इथेच सोडू.

गाडी कोणती ते आधी स्पष्ट करायला हवं. फोर्डच्या ई-४५० चासीवर बांधलेलं, २५ फुटांच्या आसपासचं क्लास सी मोटरहोम, म्हणजे चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला पलंग असतो ते. भाड्याच्या ताफ्यांत हा नमुना सर्रास दिसतो. कमाल वजन १४,५०० पौंड, म्हणजे साधारण ६,६०० किलो. मागे जोडचाकं. अलीकडच्या गाड्यांत ७.३ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, जुन्या गाड्यांत ६.८ लिटरचं व्ही-१०. पेट्रोलची टाकी ५५ गॅलनची. रुंदी आठ फुटांच्या वर आणि उंची छतावरचा एसी धरून ११ ते १२ फूट. कारच्या साध्या परवान्यावर ती चालवता येते. ही सोय खरी आहे, पण आपण कारच चालवतोय हा भ्रमही तिथूनच सुरू होतो.

ताबा देताना कंपनीचा माणूस अर्धा-पाऊण तास गाडी दाखवतो. त्यातला बराच वेळ शेगडी, टीव्ही आणि पलंग कसा उलगडायचा यात जातो. त्या गोष्टी कुणालाही मुक्कामावर आपापल्या समजतील. विचारून घ्यायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. स्लाइड, म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारी खोली, मधेच अडकली तर हाताने कशी आत घ्यायची आणि त्याचा हँडल कुठे ठेवलाय? बारा व्होल्टचे फ्यूज कुठे आणि १२० व्होल्टचे ब्रेकर कुठे? मागच्या आतल्या चाकाची हवा कुठून तपासायची? स्टेपनी आहे का? अनेक गाड्यांत ती नसतेच, आणि असली तरी जॅक नसतो. गाडीची उंची किती, आणि ती एसीच्या टोपणापर्यंत मोजलेली आहे का? उत्तर ‘स्टिकरवर आहे’ असं मिळालं, तर तो आकडा फूट-इंच आणि मीटर अशा दोन्ही मापांत कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. या पाच-सहा प्रश्नांना ताबा देणारा माणूस गडबडला, तर त्याला कुणीतरी जाणता माणूस बोलवायला सांगा. आवारातून बाहेर पडल्यावर ही उत्तरं फोनवर मिळवताना नाकी नऊ येतात.

आता सकाळ. निघायची तयारी सरावलेल्या माणसांना पाऊण तास घेते आणि पहिल्या दिवशी दीड तास. कंपनीच्या चेकलिस्टमध्ये सगळं असतं, पण क्रम नसतो, आणि अडचणी क्रम चुकल्यामुळेच होतात.

पहिल्यांदा आत आवरायचं. मायक्रोवेव्हची काचेची ताटली काढून टॉवेलात गुंडाळा, शॉवरचं दार आणि फ्रिजचं दार कडी लावून बंद करा, भांड्यांमधे कापड सारा. हे खडखडाटासाठी तर आहेच, पण पहिल्या वळणाला खण उघडून कप खाली येतात म्हणूनही आहे. मग स्लाइड. तिच्या वाटेत खुर्ची, उघडा खण, बाहेरच्या बाजूला झाडाची फांदी काही नाही ना, ते पाहा. वीज जोडलेली असताना किंवा इंजिन चालू ठेवून ती आत घ्या, कारण थकलेल्या बॅटरीवर मोटर अर्ध्यात रेंगाळते. काही गाड्यांत हँडब्रेक ओढल्याशिवाय किंवा किल्ली ठरावीक जागी असल्याशिवाय स्लाइड हलतच नाही. ती बिघडली असं समजून फोन करण्याआधी एवढं तपासावं. दोन्ही बाजूंना वेगळी मोटर असलेली स्लाइड असेल, तर मोटर आपणहून थांबेपर्यंत बटण सोडू नये. मधेमधे सोडत राहिलं की दोन बाजूंची चाल जुळत नाही, स्लाइड तिरकी होते, आणि तिरकी झालेली स्लाइड हा अख्खा दिवस खाणारा प्रकार आहे.

त्यानंतर मैल्याची टाकी. नियम एकच: आधी काळी, मग करडी. काळी म्हणजे संडासाची, करडी म्हणजे बेसिन आणि शॉवरची. तीन इंची नळी आधी डंपच्या, म्हणजे मैला सोडायच्या जागेच्या, तोंडात घट्ट बसवायची, मग गाडीच्या बाजूला फिरवून अडकवायची, दोन्ही टोकं ओढून पाहायची, आणि त्यानंतरच काळ्या टाकीची झडप ओढायची. ती रिकामी झाली की बंद करून करडी सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. यातली चूक आदल्या तीन दिवसांत झालेली असते. हुकअपच्या, म्हणजे वीज-पाणी-मैल्याची जोडणी असलेल्या, जागी मुक्काम आहे म्हणून काळ्या टाकीची झडप उघडीच ठेवायची. मग पाणी लगेच वाहून जातं, घट्ट भाग तळाशी साचून वाळतो, आणि नंतर कितीही पाणी ओतलं तरी हलत नाही. झडप बंदच ठेवावी, टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्यावी, दर वेळी भरपूर पाणी सोडावं, आणि एकदम रिकामी करावी. रिकामी केल्यावर एक-दोन गॅलन पाणी आणि टाकीचं औषध आत टाकून ठेवलं, तर प्रवासातल्या हिंदकळण्यानेच ती धुतली जाते. आणखी एक: टाकी रिकामी करूनही दिवे ‘भरली’ असंच दाखवत असतील तर घाबरू नका. आतल्या संवेदकांवर कागद चिकटला की ते असंच दाखवतात. भाड्याच्या गाड्यांत त्या दिव्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. किती दिवस, किती माणसं, याचा हिशेब जास्त खरा निघतो.

मैल्याच्या कामाचे हातमोजे पिण्याच्या पाण्याच्या नळीला लागता कामा नयेत. उगाच शिकवायला नको असं वाटेल, पण कोणत्याही डंप स्टेशनवर दहा मिनिटं उभं राहिलात तर हे लिहिण्याची गरज कळेल.

वीज सोडवताना आधी एसी आणि गीझर बंद, मग मुक्कामाच्या जागेवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर बंद, मग प्लग. प्लग आधी उपसला तर ठिणगी उडते, आणि त्याच ठिणग्यांनी प्लगच्या पट्ट्या काळ्या पडतात. काळी पडलेली पट्टी पुढच्या मुक्कामी तापते.

शेवटची फेरी एकाच माणसाने, न बोलता, गाडीभोवती पूर्ण मारावी. छतावरची झाकणं मिटली आहेत का, अँटेना खाली आहे का, चांदवा गुंडाळून कुलूपबंद आहे का, सामानाच्या कप्प्यांची दारं, पायरी, नळी, केबल, चाकाखालचे ठोकळे. दोघांनी मिळून फेरी मारली की प्रत्येकाला वाटतं, ते दुसऱ्याने पाहिलं असेल. उघडं राहिलेलं छताचं झाकण हायवेवर वाऱ्याने उपटलं जातं, आणि छताचं नुकसान अनेक भाडेकरारांत विम्याबाहेर असतं.

ताज्या पाण्याचा एक हिशेब इथेच करायला हवा. एक गॅलन पाणी साधारण ८.३ पौंड. चाळीस गॅलनची टाकी भरून निघालात तर ३३० पौंड, म्हणजे दीडशे किलो, उगाच वाहताय. गाडीत दाराजवळ एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि पाणी त्यात सामान म्हणूनच धरतात. सहा माणसांची गाडी सहा माणसं, त्यांच्या बॅगा, भरलेली टाकी आणि महिन्याचा किराणा एकदम पेलत नाही. पुढच्या मुक्कामी नळ असेल तर संडासापुरतं आणि हात धुण्यापुरतं, दहा गॅलन पाणी ठेवा.

रस्त्यावर या गाडीचे गुण बरे आहेत. इंजिनाला ताकद आहे, गिअरबॉक्स समजूतदार आहे. पुढच्या दोन सीटांच्या मधे इंजिनाचं झाकण येतं. त्यामुळे शेजाऱ्याच्या पायांना जागा कमी आणि उन्हाळ्यात ऊब जास्त. पुढचा एसी मागच्या टेबलापर्यंत पोचत नाही. मुलं मागे बसणार असतील तर दुपारी जनरेटर लावून छतावरचा एसी चालवावा लागतो. त्याला ताशी अर्ध्या गॅलनच्या आसपास पेट्रोल लागतं, शिवाय बहुतेक कंपन्या जनरेटरचे तास वेगळे मोजून पैसे लावतात. निघण्यापूर्वी मीटरचा फोटो काढून ठेवा.

वारा मात्र या गाडीचा खरा शत्रू. उंच सपाट बाजू आणि मागच्या चाकांमागे लांब शेपूट, त्यामुळे बाजूने ट्रक गेला की गाडी आधी त्याच्यापासून दूर ढकलली जाते आणि मग त्याच्याकडे ओढली जाते. ताशी ६०-६५ मैलांच्या वर नेलं की दर झोताला स्टिअरिंग दुरुस्त करत बसावं लागतं आणि खांदे भरून येतात. वायोमिंग राज्यातल्या आय-८० महामार्गावर जोराच्या वाऱ्यात हलक्या उंच वाहनांना बंदी घालतात. ती बंदी आपल्यालाही लागू आहे, हे कारच्या सवयीत लक्षात येत नाही. त्या दिवशी थांबणं हाच प्रवास.

उतारावर टो-हॉल बटण दाबा. गाडी खालच्या गिअरमध्ये राहते आणि इंजिनच वेग धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून सहा टन उतरवत राहिलात, तर पाच-सात मैलांत ब्रेकचा वास येतो आणि पॅडल मऊ पडायला लागतं. शेपटीचंही तसंच. मागच्या चाकांच्या मागे आठ-दहा फूट गाडी असते, आणि पूर्ण स्टिअरिंग कापून डावीकडे वळलात की उजवी मागची बाजू फूट-दीड फूट सहज बाहेर झुलते. पेट्रोल पंपावरचे पिवळे खांब मोटरहोमच्या रंगाचे ओरखडे बाळगून असतात ते यामुळे. पंपावरून निघताना आधी अर्धी गाडी सरळ पुढे न्या, मग वळा.

वेळेचा अंदाज: फोनवरचा नकाशा चार तास म्हणत असेल तर पाच-साडेपाच धरा. आरव्हीवाल्यांत, म्हणजे अशा गाड्यांतून फिरणाऱ्यांत, तीन-तीन-तीनचा ठोकताळा चालतो: दिवसाला ३०० मैलांहून जास्त नको, दुपारी ३ पर्यंत पोचा, एका जागी ३ रात्री राहा. भाड्याच्या गाडीला आणि नव्या चालकाला तीनशेही जास्त आहेत, दोनशेच बरे. अंधारात अनोळखी जागी ही गाडी मागे घेऊन लावणं म्हणजे दिवसभराच्या थकव्यावर कळस. बऱ्याच कॅम्पग्राउंडमध्ये रात्री १० ला शांततेची वेळ सुरू होते. शेजाऱ्यांच्या खिडकीखाली ‘अजून मागे, अजून मागे’ ओरडायला लोक मना करतात, आणि बरोबर करतात.

फोनच्या साध्या नकाशाला तुमच्या गाडीची उंची माहीत नसते, आतली गॅसची टाकी माहीत नसते, लांबी माहीत नसते. तिन्हींमुळे रस्ते बंद होतात. न्यूयॉर्क आणि कनेटिकटमधले जुने पार्कवे झाडीतून जाणारे सुंदर रस्ते आहेत आणि त्यांचे दगडी पूल ठेंगणे. कनेटिकटच्या मेरिट पार्कवेची उंचीमर्यादा फक्त ८ फूट आहे. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांत मोटरहोममधल्या प्रोपेनच्या, म्हणजे शेगडीच्या गॅसच्या, टाकीला मनाई आहे. पूर्वी अशा गाड्या आय-६९५ वरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. तो पूल २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून कोसळला, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकेतला तो सल्ला आता चालत नाही. शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो, आणि गर्दीच्या वेळी तो वळसा दिवसाचं वेळापत्रक मोडतो. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाडी चालत नाही. म्हणजे २५ फुटी गाडीला प्रश्नच नाही, खाली लावून शटल घ्यायची. झायन राष्ट्रीय उद्यानातल्या बोगद्याला उंचीची अट ११ फूट ४ इंच आणि रुंदीची ७ फूट १० इंच आहे. आपली गाडी रुंदीतच बसत नाही, तेव्हा पूर्वेकडून येणार असाल तर उद्यानाच्या पानावर त्या आठवड्याचे नियम बघूनच रस्ता आखा. ऐनवेळी परत फिरलात तर वळसा लहान नसतो.

पेट्रोल भरायचं तेही सरळ नाही. गॅलनला आठ ते दहा मैल, म्हणजे लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. ५५ गॅलनवर कागदोपत्री पाचशे मैल होतात, पण जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम उंच बसवलेली असते. पाव टाकी उरली की जनरेटर पेट्रोल ओढायचं थांबतो, म्हणजे त्याच्या नादात तुम्ही रस्त्यात अडकू नये. सोय चांगली आहे, पण ती माहीत नसली की रात्री ‘जनरेटर बिघडला’ म्हणून मदतकेंद्राला फोन जातो. अर्ध्या टाकीला पंप शोधायला लागा. भरताना शेगडी, गीझर, फ्रिज यांची गॅसची ज्योत बंद हवी, त्यासाठी गॅसच्या टाकीचा मुख्य कॉकच बंद करावा. नळीच्या मुठीच्या रंगावर जाऊ नका. डिझेल बहुतेक हिरव्या मुठीतून येतं, पण काही कंपन्यांची पेट्रोलची मूठही हिरवी असते, तेव्हा अक्षरं वाचा. भारतातलं कार्ड असेल तर पंप पिनकोड विचारून अडतो. आत जाऊन आगाऊ पैसे भरा, उरलेले परत मिळतात. अमेरिकेतलं कार्ड असलं तरी एका वेळच्या रकमेला मर्यादा असते, त्यामुळे पन्नास गॅलन एका दमात भरत नाहीत. पंप मधेच थांबला म्हणजे टाकी भरली असं नव्हे.

आता टायर. या गाडीचं सर्वांत दुर्लक्षित अंग हेच, आणि भाड्याच्या व्यवसायाला आमची सर्वांत मोठी तक्रारही इथेच आहे. अमेरिकेत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची आहे, पण ती १०,००० पौंडांपर्यंतच्या वाहनांना, आणि एका अक्षावर जोडचाकं असलेल्यांना त्यातूनही सूट. म्हणजे साध्या कारमध्ये जो इशारा मिळतो तो या सहा चाकांच्या, सहा टनांच्या घरात मिळेलच असं नाही. जोडचाकातलं आतलं टायर बसलं तर बाहेरून काही दिसत नाही. बाहेरचं टायर दोघांचा भार एकटं वाहतं, तापतं आणि काही मैलांनी तेही फुटतं. फुटताना नुसतं टायर जात नाही. उडालेले पट्टे चाकावरची फरशी, वायरी, नळ्या घेऊन जातात. दांडक्याने ठोकून आवाजावरून हवा ओळखायची जुनी पद्धत फक्त पूर्ण बसलेलं टायर ओळखते. दाब ८० पीएसआयवरून ६० वर आला असेल तर कानाला फरक कळत नाही.

म्हणून दाबमापक विकत घ्या, तोही १०० पीएसआयपर्यंत मोजणारा, दोन तोंडांचा, जोडचाकांत शिरणारा. कारचा मापक ६० वरच संपतो. दाब सकाळी, गाडी हलण्याआधी, ऊन लागण्याआधी तपासा आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा जास्तच येणार. तो पाहून हवा काढू नका, रात्री टायर गार झालं की ते कमी भरलेलं निघेल. आतल्या झडपेला लवचिक वेष्टनाची लांब नळी लावलेली असेल तर तिचा जोड आणि टोक यांवर साबणाचं पाणी टाकून पाहा. गळती बऱ्याचदा टायरमध्ये नसते, त्या नळीत असते. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत वय असतं: ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. ताबा घेतानाच हे वाचा. नक्षी खोल दिसली तरी सहा-सात वर्षांचं टायर लांबच्या उन्हाळी सहलीला बदलूनच मागा. आवारात असताना मागता येतं, वाळवंटात नाही. टायरचं नेहमीचं माप २२५/७५आर१६ आहे, आणि ते व्हॅनचंही असल्याने बऱ्याच दुकानांत मिळतं. एवढा एक दिलासा.

रस्त्यात गाडी बसली तर कंपनीचा मदतक्रमांक असतो, आणि इथे सेवेला पाचपैकी दोनच गुण. फोन उचलतात, सौजन्याने बोलतात. पण फोनवरच्या माणसाला पहिल्यांदा जी माहिती हवी असते ती त्याच्याकडे नसते, ती तुमच्याकडे असावी लागते: हायवेचा क्रमांक, जवळचा मैलाचा दगड, जाण्याची दिशा, गाडीची लांबी आणि वजन, जोडचाकातलं कुठलं टायर, त्याचं माप. वजन सांगितलं नाही तर कार ओढणारा टो-ट्रक येतो, पाहतो आणि परत जातो. यातच दोन तास जातात. दुरुस्तीचे पैसे आधी स्वतः भरून नंतर परत मिळवायचे असतील, तर कितीपर्यंतच्या खर्चाला परवानगी न विचारता चालते हे करारात शोधून ठेवा. आणि क्रेडिट कार्डाचा भाड्याच्या गाडीचा विमा मोटरहोमला बहुतेक लागू नसतो, हे लक्षात असू द्या.

पोचल्यावर घाई होते, कारण सगळ्यांना भूक लागलेली असते. नेमकं तेव्हाच सावकाश करायचं काम म्हणजे वीज. केबल गाडीत तीस अँपिअरची आहे, १२० व्होल्टला ३,६०० वॅट. छतावरचा एसी १३ च्या आसपास अँपिअर घेतो, विजेवरचा गीझर १२, मायक्रोवेव्ह आणखी १३. तिन्ही एकदम चालत नाहीत. ब्रेकर पडतो आणि सगळे खांबाला नावं ठेवतात. गीझर गॅसवर घ्या, दोन तरी सुखाने चालतील.

पण खांबालाही नावं ठेवायची वेळ येते. आधी ब्रेकर बंद करून प्लग लावा, मग ब्रेकर चढवा, आणि त्याआधी एक तपासणी-संरक्षक मधे जोडा. तो उलट्या जोडलेल्या वायरी, तुटलेलं अर्थिंग आणि कमी-जास्त दाब ओळखून वीज तोडतो. चांगले संरक्षक १०४ व्होल्टच्या खाली आणि १३२ च्या वर पुरवठा तोडतात. फक्त झटका झेलणारी स्वस्त पट्टी हे करत नाही, दोन्ही दिसायला मात्र सारख्या असतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळ्यांचे एसी चालू झाले की जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये दाब घसरतो, आणि घसरलेल्या दाबावर एसीचा कॉम्प्रेसर जास्त प्रवाह ओढत तापत राहतो. शिवाय तीस अँपिअरच्या या सॉकेटला घरगुती पद्धतीने २४० व्होल्ट जोडून ठेवणारे वायरमनही असतात. त्या एका चुकीत टीव्हीपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळं जातं. भाड्याच्या कंपन्या हे उपकरण सोबत देत नाहीत. दिलं पाहिजे.

जागा समतल करायचं काम वीज-पाणी जोडण्याआधी. आधी केबल लावून मग गाडी ठोकळ्यांवर चढवायला गेलात तर सगळं पुन्हा सोडवायचं. प्लास्टिकचे ठोकळे एकात एक बसतात आणि साधारण इंच-इंच उंची देतात. मागच्या बाजूला चढवताना जोडचाकातली दोन्ही टायरं ठोकळ्यावर यायला हवीत, एकच आलं तर सगळा भार त्याच्यावर. फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्ही चालणारा जुन्या पद्धतीचा असेल, तर उभी गाडी बाजूला तीन अंशांहून जास्त कललेली चालत नाही. त्यातलं द्रव फिरायचं थांबतं आणि फ्रिज गार होत नाही. बिघडला म्हणून तक्रार येते आणि कारण चाकाखाली असतं. हा फ्रिज रिकामा असताना थंड व्हायलाच सात-आठ तास घेतो, म्हणून आदल्या रात्री चालू करा. दुधाच्या पिशव्या भरल्यावर नव्हे.

पाण्याच्या नळाला दाब कमी करणारा रेग्युलेटर लावल्याशिवाय नळी जोडू नका. गाडीतल्या नळ्यांना ४५-५० पीएसआय पुरेसे असतात. कॅम्पग्राउंडचा दाब कधी त्याच्या दुप्पट असतो, आणि सांधा सुटतो तो बेसिनखाली, सगळे झोपल्यावर. रेग्युलेटर नळाच्या टोकाला हवा, गाडीच्या टोकाला लावला तर नळीच फुगते.

राष्ट्रीय उद्यानातली जागा घेताना आरक्षणाच्या पानावर प्रत्येक जागेची कमाल लांबी लिहिलेली असते. ती गाडीच्या लांबीची मर्यादा आहे, तंबूसकट जागेची नव्हे. कंपनीच्या जाहिरातीतली ‘२५ फूट’ ही गाडी बंपर आणि मागची शिडी धरून कधी फूटभर जास्त निघते. बुकिंग आधीच झालेलं असेल तर ताबा घेताना टेप लावून मोजा. बऱ्याच जागा सरळ आत शिरून बाहेर पडायच्या नसतात, मागे घ्याव्या लागतात. त्यासाठी मागे उभा राहणारा माणूस चालकाच्या आरशात दिसत राहील अशाच जागी हवा, आणि दोघांनी हाताच्या खुणा आधी ठरवलेल्या हव्यात. आरशात माणूस दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. तो कुठे गेला याचा अंदाज करायचा नाही.

गाडी परत करण्याचा दिवस हा शेवटचा हलवायचा दिवस, आणि कंपनीच्या खिडकीवर पैसे कापले जातात ते इथे. आवाराजवळ डंप स्टेशन शोधत बसू नका, आदल्या मुक्कामीच दोन्ही टाक्या रिकाम्या करा आणि वाटेत संडास वापरू नका. गाडी ताब्यात घेताना जेवढं पेट्रोल होतं तेवढं भरा, जमलं तर आवाराच्या दहा मैलांच्या आत, आणि पावती ठेवा. जनरेटरच्या मीटरचा, मैलांच्या मीटरचा, चारही कोपऱ्यांचा आणि छताच्या कडेचा फोटो आत शिरण्याआधी काढा. गॅसची टाकी भरून मागितली असेल तर ती ८० टक्क्यांवरच भरलेली समजतात. काटा तिथे थांबलाय म्हणून खिडकीवरचा माणूस वीस टक्के कमी धरायला लागला, तर त्याला एवढंच सांगा.